स्टिकवरचा अंगठा

डाव्या पंखाच्या मागच्या कडेची पट्टी दीड मिलिमीटर हलत होती. वर दीड आणि खाली दीड असं नाही, सगळं मिळून दीड. मी स्टीलची मोजपट्टी तिच्या टोकाशी उभी धरली होती. पट्टीची कड अर्ध्या मिलिमीटरच्या तीन रेघा ओलांडायची आणि परत यायची. उजव्या पंखाची पट्टी तेवढीच हलत होती, फक्त उलट दिशेने. रिमोटवरची स्टिक कुणी हलवत नव्हतं. आप्पांचा उजवा अंगठा तिच्यावर नुसता टेकलेला होता.

सप्टेंबरातला रविवार होता. उद्यमनगरातल्या आमच्या पॅटर्न शॉपमध्ये आम्ही दोघंच होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, भीमाप्पा. एक्केचाळीस वर्षं त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. वाळूत दाबून ज्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात लोखंड ओतायचं, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. लाकडावरून अंगठा फिरवून ते कुठे किती जास्त राहिलंय ते सांगायचे, आणि कॅलिपर लावल्यावर आकडा क्वचितच वेगळा निघायचा. काम थांबवल्यावर त्याच बाकावर ते रिमोटवर उडणारी विमानं करायला लागले. हे विमान सगळ्यांत मोठं होतं. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर, वजन चार किलो दोनशे ग्रॅम, पुढे पेट्रोलचं इंजिन आणि सोळा इंची लाकडी पंखा.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. विमान आप्पांनी बांधायचं, रिमोटमधली सेटिंगं मी करायची, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं. रिमोटचा मेनू इंग्रजीत आणि अक्षरं बारीक. त्या दिवशी मी फ्लॅपेरॉन जमवत होते.

पंखांच्या टोकाकडच्या या दोन पट्ट्या एरवी एकमेकींच्या उलट चालतात. एक वर गेली की दुसरी खाली येते आणि विमान कुशीवर झुकून वळतं. फ्लॅपेरॉन म्हणजे त्याच पट्ट्यांवर आणखी एक काम टाकायचं. रिमोटवरचं बटण दाबलं की दोन्ही एकदम खाली उतरतात, पंख जास्त उचल देतो आणि विमान कमी वेगातही तरंगत राहतं. आम्हाला त्याची गरज होती. खरा विमानतळ जवळच, उजळाईवाडीला, म्हणून आम्ही उडवायला लांब, मुरगूडच्या अलीकडे आप्पांचे दोस्त हंबीरकाका यांच्या माळावर जायचो. तिथली साफ केलेली धावपट्टी साठ पावलांची होती. पुढे दगड, आणि दगडांपुढे ऊस. विमान सावकाश उतरणं भाग होतं.

पट्टी हलताना पाहून मला पहिल्यांदा सर्वोची शंका आली. सर्वो म्हणजे पट्टी ओढणारी छोटी मोटर. मी आप्पांच्या हातातून रिमोट घेऊन बाकावर ठेवला. पट्टी थांबली. परत त्यांच्या हातात दिला. पट्टी हलायला लागली. मग मी मोबाइलवर संथ चित्रण केलं. त्यात सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं येतात. अठ्ठेचाळीस चित्रांनंतर कड परत त्याच जागी आलेली दिसली, पुन्हा अठ्ठेचाळीसनंतर, पुन्हा अठ्ठेचाळीसनंतर. सेकंदाला पाच वेळा. सर्वोतला दोष असा नियमित नसतो.

आप्पांनी विचारलं, "सर्वोच हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "थोडा खराब हाय. जमवते."

आणि मी खरंच जमवलं. रिमोटमध्ये एक्स्पो नावाची सोय असते. ती जितके टक्के वाढवावी तितकी स्टिक मध्याजवळ बधिर होते. अंगठा थोडा हलला तर पट्टीला ते जवळजवळ कळतच नाही. मी तीस टक्के घातले. पट्टीचं हलणं अर्ध्या मिलिमीटरवर आलं. आप्पांनी पंखावर हात फिरवला आणि छान झालं म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन मी पाच वेळा प्रतिसेकंद, टेकलेला हात, एकच बाजू, असं सगळं वाचलं. अशा थरथरीला नाव होतं, मेंदूच्या एका आजाराचं. ते वाचून मी पान बंद केलं. मोबाइल उलटा ठेवला.

यानंतर मला जे दिसायला लागलं ते आधीही असणार. अव्वा, माझी आई, आप्पांचा कप अर्धाच भरायची आणि मग आणखी अर्धा द्यायची. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. त्यांच्या शर्टाची वरची बटणं लावून ठेवून ती शर्ट डोक्यातून घालण्याजोगा करून द्यायची. हंबीरकाकांचंही तसंच. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. आप्पांशी पस्तीस वर्षांची दोस्ती, आवाज असा की कुजबुजले तरी शेजारच्या शेडमध्ये कळावं. विमानाचा पंखा आप्पा आजवर बोटाने फिरवून इंजिन चालू करायचे. ऑक्टोबरात काकांनी एक बॅटरीवरचा स्टार्टर आणला आणि आपली बोटं आता म्हातारी झाली, तुटायला नकोत, असं म्हणून इंजिन चालू करायचं काम स्वतःकडे घेतलं. काकांची बोटं तोवर कधी त्या पंख्याजवळ गेलेली नव्हती.

म्हणजे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिघंही ते आपापल्या परीने झाकत होतो. माझं झाकणं सगळ्यांत नेमकं होतं.

ऑक्टोबरात मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे आप्पांच्या नावाने वेळ घेतली आणि परीक्षेचं काम निघालं असं सांगून ती रद्द केली. परीक्षेचं काम दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं. नोव्हेंबरात एक्स्पो पंचेचाळीस केला. जानेवारीत साठ. साठवर पट्टी अगदी स्थिर झाली. मी मोजपट्टी लावून बघितली, मग भिंग घेऊन बघितली. काहीच हलत नव्हतं.  हात थांबला नव्हता. फक्त तो आता कुणाला दिसणार नव्हता.

साठ टक्क्यांचा धोका मला कळत होता. मध्याजवळ बधिर झालेली स्टिक पुढे गेल्यावर एकदम जागी होते. थोडं ढकललं तर काही होत नाही, म्हणून माणूस आणखी ढकलतो, आणि मग अचानक फार होतं. त्यात आप्पांचा पंख. पॅटर्न वाळूतून न मोडता सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, कारखान्यात त्याला ड्राफ्ट म्हणतात. आप्पांचा हात उतार दिल्याशिवाय लाकूड सोडत नाही. आमच्या देव्हाऱ्याच्या खांबांना उतार आहे, अव्वाच्या पाटालाही आहे. विमानाचा पंखही त्यांनी बुडाशी रुंद आणि टोकाला चांगलाच निमुळता केला होता. अशा पंखाचं टोक कमी वेगात आधी सुटतं, आणि फ्लॅपेरॉनच्या पट्ट्या नेमक्या टोकाकडे असतात. पंख करतानाच मी हे सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, "चौकोनी पंख म्हंजी फळी. फळ्या करायला मी काय सुतार हाय?" मी हसले होते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुरगूडच्या शाळेतून क्रांती मॅडमांचा फोन आला. त्या तिथे विज्ञान शिकवतात. विज्ञानदिनाला शाळेच्या मैदानावर विमान उडवून दाखवाल का, असं त्यांनी फार आदराने विचारलं. पटावर चारशे बारा मुलं होती आणि एकानेही असं विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. आप्पांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मी खूप दिवसांनी तसा पाहिला. हंबीरकाकांना नुसतं उडवणं पुरेसं वाटेना. विमानाच्या पोटाखाली पेटी लावायची, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, आणि मुलांच्या डोक्यावरून अगदी सावकाश, अगदी खालून जाताना पेटी उघडायची. पोरास्नी वाटलं पायजे, आभाळातनंच पडल्या, असं ते सगळ्या उद्यमनगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

सावकाश आणि खालून. म्हणजे फ्लॅपेरॉन पूर्ण खाली, नाक किंचित वर, इंजिन मंद, आणि खाली चारशे बारा मुलं. त्या रात्री मी हिशेब केला. बाराच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला बारा मीटर, जाणाऱ्या चार किलो दोनशे ग्रॅमची ऊर्जा तीनशे दोन ज्यूल. तीन किलोची वीट तीन मजल्यांच्या गच्चीवरून सोडली तर खाली पोचताना तिच्यात जवळजवळ तेवढीच असते. पुढे फिरणारा पंखा मी त्यात धरला नव्हता.

फ्लॅपेरॉन काढून टाकलं तर विमान वेगाने जाणार. ठेवलं तर पंखाचं टोक सुटण्याची भीती. एक्स्पो कमी केला तर हाताची थरथर पट्ट्यांवर येणार. मी कागदाचे चार स्तंभ करून प्रत्येक शक्यता लिहिली. कुठल्याच स्तंभात मुलं सुरक्षित नव्हती. पाचवा स्तंभ मी आखला नाही. त्यात एकच ओळ आली असती: आप्पांनी उडवायचं नाही.

ती ओळ मी सप्टेंबरपासून टाळत होते. का, ते मला सांगता येईल. त्यांचे हात गेले तर त्यांच्याकडे काय उरेल, असा प्रश्न मी स्वतःला विचारायचे आणि उत्तराआधीच थांबायचे. शिवाय, मी बोलले की ते खरं होणार होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं म्हणू नये. मोजलेली गोष्ट बोललं तरी तेवढीच असते, न बोललं तरी तेवढीच. तरीही मला तसंच वाटत होतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी सकाळी माळावर सराव ठरला. वारा नव्हता. धावपट्टीच्या कडेला बायडाबाई वाळलं गवत कापत होती. ती जवळच्या वस्तीवरची, काकांच्या माळावर नेहमी यायची. काकांनी तिला जरा लांब सरक म्हणून सांगितलं. तिने सरकल्यासारखं केलं आणि परत तिथेच बसली.

विमान छान उडालं. आप्पांनी दोन फेऱ्या मारल्या आणि मग पाकळ्यांच्या पेटीचा सराव करायला खाली आणलं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. त्यांनी बटण दाबलं, दोन्ही पट्ट्या खाली उतरल्या, इंजिनाचा आवाज मंदावला. विमान आमच्या समोरून, पाचेक मीटर उंचीवरून, जवळजवळ चालत निघालं. इतकं सावकाश की पंखाखालचे स्क्रू दिसत होते.

मग डावा पंख किंचित झुकला.

हे नेहमीचं होतं. अशा वेळी शेपटीच्या सुकाणूने सावरायचं, पंखाच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, हे आप्पांनी मला शिकवलेलं. पण त्यांच्या उजव्या अंगठ्याने स्टिक उजवीकडे ढकलली. काहीच झालं नाही, कारण मी तिथे साठ टक्के बधिरपणा भरून ठेवला होता. त्यांनी आणखी ढकललं. मग एकदम सगळं झालं. झुकलेला डावा पंख उचलायला डावी पट्टी खाली जायला हवी, आणि ती फ्लॅपेरॉनमुळे आधीच खाली होती. ती आणखी खाली गेली, आणि निमुळतं टोक सुटलं. उचलला जायच्या ऐवजी डावा पंख कोसळला. विमान उलटं होत डावीकडे वळलं आणि बायडाबाई बसली होती त्या बाजूला पडलं.

आवाज लहान होता. खोकं पडल्यासारखा.

मी धावत गेले. बायडाबाई विळा हातात धरून तशीच बसलेली होती. विमानाचं नाक मातीत घुसलं होतं. मी नंतर टेपने मोजलं. तिच्या गुडघ्यापासून आठ मीटर चाळीस सेंटिमीटर. पंख्याचे दोन तुकडे झाले होते. एक इंजिनाला लटकत होता, दुसरा सापडेना. शेवटी बायडाबाईनेच तो दाखवला. तिच्या मागे ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यात तो वीतभर आत शिरला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "माझ्या डोस्क्याचा नेम धरलासा, त्यो चुकला व्हय?"

हंबीरकाका मोठ्याने हसले. तुझं डोस्कं हाय कुठं नेम धरायला, असं काहीतरी म्हणाले. तीही हसली. मग तिने भारा बांधायला घेतला तेव्हा तिच्या हातून दोरी दोनदा सुटली. आप्पा हसले नाहीत. रिमोट गळ्यात लटकत होता आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता, गार वाऱ्यात धरतात तसा.

परतीच्या वाटेवर काका गाडी चालवत होते आणि वाऱ्याला शिव्या देत होते. वारा नव्हता. कागल गेल्यावर आप्पांनी मागे वळून मला विचारलं.

"तुझं सेटिंग बरोबर हुतं न्हवं, दानव्वा?"



"व्हय," मी म्हटलं.

"मग चूक माझीच," ते म्हणाले आणि पुढे बघायला लागले.

नाक मोडलं होतं, पंख वाचला होता. आप्पांनी पाच दिवसांत विमान पुन्हा उभं केलं. मी कॉलेजातून आल्यावर शॉपमध्ये जायचे. इंजिनाच्या बैठकीचा बारीक स्क्रू त्यांच्या हातून भोकात जात नव्हता. पेचकसाचं टोक खाचेत बसायचं आणि निसटायचं. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. अकराव्या वेळी स्क्रू बसला. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी तोंड फिरवून सर्वोच्या वायरी तपासायचं सोंग केलं.

त्या आठवड्यात मला एकच दृश्य दिसायचं. वर्गात फळ्यावर लिहिताना, भाकरी खाताना, अंघोळ करताना. लाकडाचा एक तुकडा आणि तो ज्यात शिरला ते गवत नाही. मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. रोज शॉपमध्ये जायचे आणि काहीतरी मोजून परत यायचे. गुरुवारी मी अव्वाला म्हटलं की आप्पांच्या हाताचं बघायला हवं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही. एवढा कार्यक्रम होऊ दे, म्हणाली. मलाही तेच हवं होतं, कुणीतरी तसं म्हणावं. मी फ्लॅपेरॉनचा कोन पाच अंशांनी कमी केला, आणि त्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊ वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर पोचलो. पांढऱ्या फक्कीची एक रेघ मारलेली होती आणि रेघेमागे मुलं इयत्तेप्रमाणे बसवली होती, लहान पुढे. क्रांती मॅडम माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, गळ्यात शिट्टी. त्यांनी सगळं मनापासून केलं होतं. फळ्यावर विमानाची आकृती काढून भागांची नावं लिहिली होती. फ्लॅपेरॉनसुद्धा, बरोबर जागी. ते नाव त्यांनी स्वतः शोधून काढलं असणार. मी त्यांना मुलं आणखी मागे घेता येतील का विचारलं. मागे कुंपणच होतं. मी विचारलं की पाकळ्या मुलांच्या डोक्यावर न टाकता मैदानाच्या मध्यावर टाकल्या तर. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, पोरास्नी कबूल केलंय.

हंबीरकाकांनी पेटीत पाकळ्या भरल्या. आप्पांनी रिमोट गळ्यात अडकवला. मी विमानाच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि शेपटी दोन्ही हातांनी धरली. इंजिन तापेपर्यंत विमान कुणीतरी धरून ठेवावं लागतं. काकांनी स्टार्टर लावला, इंजिन पकडलं, आणि मुलं एकदम ओरडली. पंख्याचा वारा माझ्या तोंडावर आला, त्यात पेट्रोलचा वास आणि फक्की. आप्पांनी इंजिन वाढवलं. विमान पुढे ओढायला लागलं. तो ओढा माझ्या मनगटांत, मग खांद्यांत आला.

मी मान वर केली. पहिल्या रांगेतल्या मुलींनी पाकळ्या झेलायला ओंजळी करून ठेवल्या होत्या. विमान अजून जमिनीवर होतं आणि त्यांच्या ओंजळी तयार होत्या. रांगेच्या रांगा तशाच.

आप्पांनी हाताने खूण केली. सोड.

मी सोडलं नाही.

त्यांना वाटलं मला दिसलं नाही. ते दोन पावलं पुढे आले आणि इंजिनाच्या वरताण आवाजात म्हणाले, "दानव्वा, सोड की."

माझी बोटं पांढरी पडली होती. सोडायची नाहीत असं ठरवून मी धरली होती असं मला म्हणता येणार नाही. ती उघडत नव्हती, एवढंच. हंबीरकाका पंख्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली जमिनीकडे बघायला लागले. तेवढ्यावरून मला कळलं की ते मला सोड म्हणणार नाहीत. धर असंही म्हणणार नाहीत.

आप्पांनी इंजिन मंद केलं. मग बंद केलं. पंखा दोनदा अडखळून थांबला. मैदान इतकं शांत झालं की कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरमधलं गाणं ऐकू आलं. क्रांती मॅडमांनी माइकवरून मुलांना सांगितलं की थोडी तांत्रिक अडचण आहे, जागेवर बसा. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

आप्पा माझ्याजवळ आले. गुडघ्यावर हात टेकून हळूच बसले. उजवा अंगठा स्टिकवरच होता. इतक्या जवळून मला तो पाहायचा नव्हता, पण मी पाहिला. त्याच्या नखाला वाळलेला डिंक लागलेला होता. तो एका लयीत हलत होता आणि पंखांच्या पट्ट्या निश्चल होत्या.

"काय झालं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. "सर्वो हाय व्हय?"

मला वाटतं, तेव्हा त्यांनीच मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर विमान गाडीत गेलं असतं, मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या, कुणालाही काही झालं नसतं. आणि पुढच्या रविवारी माळावर बायडाबाई परत गवत कापायला बसली असती. मी परत रिमोटमध्ये सत्तर टक्के घातले असते.

 मी शेपटी सोडली. त्यांच्या गळ्यातला रिमोट तसाच राहू देऊन त्यांचा अंगठा माझ्या मुठीत धरला. तो आतही हलत होता.

"सर्वो चांगला हाय, आप्पा. सप्टेंबरातबी चांगलाच होता. तुमचा हात कापतोय. मी तो रिमोटमध्ये झाकून ठेवला, आणि त्यानंच विमान बायडाबाईच्या अंगावर गेलं. ती चूक माझी. पण आता बास. आज हे विमान उडणार न्हाय, आणि हितनं फुडं तुम्ही कुठलंच विमान उडवायचं न्हाय."